पाण्यावरच्या गावात एक मुक्काम : वाचकांचे प्रश्न

यांगत्से नदी समुद्राला मिळते त्या सखल प्रदेशात, शांघाय, सुझोऊ आणि हांगझोऊ या शहरांच्या मधल्या पट्ट्यात, कालव्यांच्या काठाने वसलेली अनेक जुनी बाजारगावे आहेत. भारत आणि चीन यांच्यातील थेट विमाने २०२५ च्या अखेरीस पुन्हा सुरू झाल्यापासून या गावांविषयी विचारणा करणारी पत्रे वाढली असून त्यांतील बहुतेकांचा रोख झेज्यांग प्रांतातील वूझेन या गावाकडे आहे. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर वूझेनला दिले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : आम्ही उभयता शांघाय पाहायला जाणार आहोत. सहल आयोजकाने वूझेनची एका दिवसाची सहल सुचवली आहे. सकाळी निघायचे आणि रात्री जेवायला परत यायचे. मुक्काम केला तर एक दिवस आणि बराच खर्च वाढतो. मुक्कामाची खरोखर गरज आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : परवडत असेल तर मुक्काम अवश्य करावा. तो जमण्यासारखा नसेल, तर वूझेनचा हट्ट सोडून शांघायच्या मेट्रोनेच गाठता येणारे झुज्याज्याओ हे गाव पाहून संध्याकाळी परतावे, असा माझा सल्ला आहे. झुज्याज्याओ अर्ध्या दिवसात चांगले पाहून होते. वूझेन अर्ध्या दिवसात फक्त दमवते.

याचे कारण गावाच्या रचनेत आहे. वूझेन एका मोठ्या फुलीसारखे वसलेले आहे. दोन जलमार्ग एकमेकांना छेदतात आणि त्यांच्या काठांनी चार दिशांना चार वस्त्या पसरत गेल्या आहेत : पूर्वेकडे दोंगझा, पश्चिमेकडे शीझा, दक्षिणेकडे नानझा आणि उत्तरेकडे बेइझा. जीर्णोद्धारानंतर पर्यटकांसाठी तिकीट लावून खुल्या केलेल्या वस्त्या दोन आहेत. दोंगझा २००१ मध्ये खुली झाली आणि शीझा २००७ मध्ये. शीझामधील जुना रस्ताच जवळपास पावणेदोन किलोमीटर लांबीचा आहे, आणि मुक्कामाची जवळजवळ सगळी सोय याच भागात आहे. एका दिवसाच्या सहलीत बहुधा दोंगझातून घाईने एक फेरी आणि शीझात दुपारचे तीन-चार तास एवढेच पदरात पडते, आणि तेही नेमके गर्दीच्या वेळी. सुट्टीच्या दिवशी त्या अरुंद दगडी रस्त्यावर आपण चालतो असे म्हणणे कठीण. गर्दी आपल्याला पुढे नेते.

मुक्काम करणाऱ्याला गाव दोनदा सापडते. पहिल्यांदा रात्री. सहलीच्या बसगाड्या गेल्या, की कालव्याकाठच्या घरांवरील मंद पिवळे दिवे पाण्यात उतरतात, उघड्या पटांगणात पडदा लावून जुने चिनी चित्रपट दाखवले जातात आणि कथनगृहात सुझोऊ बोलीतील गायनकथनाचा कार्यक्रम असतो. तीन तारांचे वाद्य आणि चार तारांची पिपा यांच्या साथीने सांगितली जाणारी ती कथा आपल्याला शब्दशः कळत नाही, तरीही आपल्याकडच्या कीर्तनातला आख्यानाचा भाग ज्याने मन लावून ऐकला आहे, त्याला निरूपण कुठे थांबले आणि गाणे कुठे सुरू झाले हे ओळखायला वेळ लागत नाही. दिव्यांची ही सजावट पूर्णपणे आजच्या काळातली आहे, हे मात्र लक्षात ठेवावे. जुन्या वूझेनची रात्र काळोखीच असणार.

दुसऱ्यांदा गाव सापडते ते सकाळी, आणि माझ्या मते मुक्कामाचे पैसे खरे वसूल होतात ते याच दोन-अडीच तासांत. दुकानांच्या दर्शनी बाजूला दार नसते, तर उभ्या फळ्या खाचेत एकीशेजारी एक बसवलेल्या असतात. दुकानदार त्या एकेक करून उचलतो आणि भिंतीशी रचून ठेवतो. कोणती फळी कुठे बसते याचा गोंधळ होऊ नये म्हणून फळ्यांवर क्रमांक असतात. लांब दांड्याची जाळी घेतलेला माणूस नावेतून पाण्यावरची पाने गोळा करत जातो. चहागृहांत पहिले गिऱ्हाईक येऊन बसते. तिकिटाचे गिऱ्हाईक अजून यायचे असते, त्यामुळे काठावरच्या पायऱ्यांवर कितीही वेळ बसून राहिले तरी कोणी बाजूला व्हायला सांगत नाही. शीझामध्ये राहणाऱ्या पाहुण्याला मुक्कामाच्या अवधीत कितीही वेळा आत-बाहेर करता येते, त्यामुळे दुपारच्या गर्दीच्या वेळी खोलीवर येऊन पडावे आणि संध्याकाळी पुन्हा निघावे. केवळ शीझाचे तिकीट १५० युआन, म्हणजे सुमारे दोन हजार रुपये आहे. एवढे पैसे मोजून चार तासांत परत फिरणे योग्य वाटत नाही.

प्रश्न : मी निवृत्त स्थापत्य अभियंता आहे. वूझेनची छायाचित्रे पाहताना सतत शंका येते, की इतके स्वच्छ, इतके एकसारखे गाव खरोखर जुने असेल का? हे खरे जुने गाव आहे, की पर्यटकांसाठी उभारलेला देखावा?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपला प्रश्न नेमका आहे आणि त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवे.

वस्ती खरोखर जुनी आहे. बीजिंग ते हांगझोऊ हा महाकालवा वूझेनच्या अंगावरून जातो; २०१४ मध्ये त्या कालव्याची जागतिक वारशाच्या यादीत नोंद झाली. ताय सरोवराभोवतीच्या या प्रदेशात रेशीम, कापड आणि भात यांची ने-आण शतकानुशतके पाण्यावरून झाली, आणि त्यामुळे घराची एक बाजू रस्त्याकडे व दुसरी पाण्याकडे अशी रचना रूढ झाली. माल मागच्या पायऱ्यांवर नावेतून उतरायचा आणि पुढच्या दुकानात विकला जायचा. पूल कमानीचे आणि उंच का, तर खालून मालाची नाव जावी म्हणून. जागा कमी पडू लागली तशी घरे पाण्याच्या दिशेने वाढली आणि दगडी किंवा लाकडी खांबांवर तोललेल्या, तीन बाजूंनी खिडक्या असलेल्या खोल्या कालव्यावर आल्या. विसाव्या शतकातील थोर कथाकार आणि चीनचे पहिले सांस्कृतिक मंत्री माओ दून यांचा जन्म १८९६ मध्ये याच गावात, दोंगझात झाला. घराच्या मागच्या दारात उभे राहून बादलीने पाणी काढता येते आणि मध्यरात्री जाग आली तर जाणाऱ्या नावेच्या वल्ह्याचा आवाज कानी येतो, असे त्यांनी लिहून ठेवले आहे.

मग रस्ते आले आणि पाण्याकडे पाठ फिरली. १९८० च्या दशकात या पट्ट्यातील अनेक गावांनी कालवे बुजवून, जुने पूल पाडून कारखाने आणि रुंद रस्ते केले. शांघायच्या तोंगजी विद्यापीठातील नगररचनेचे प्राध्यापक रुआन यीसान यांनी त्या काळात गावोगाव जाऊन संरक्षणाचे आराखडे तयार केले नसते, तर झोऊझुआंग आणि तोंगली ही गावेही आज दिसली नसती. वूझेनचा विकास मागे पडला होता, हेच त्याच्या पथ्यावर पडले. घरे कुजत होती, तरुण माणसे बाहेर गेली होती, मागे प्रामुख्याने वृद्ध राहिले होते. पण पाडापाडी कमी झाली होती. बहुतेक घरांत संडास नव्हता. लाकडी बादली वापरायची आणि ती कालव्याच्याच पाण्यात धुवायची, असा रिवाज होता. छायाचित्रांतील जुन्या गावाबद्दल हळहळणाऱ्यांनी ही बाजूही ध्यानात घ्यावी.

१९९९ मध्ये शीझात आग लागली आणि काही घरे जळाली. त्यानंतर मूळचे वूझेनचेच असलेले सरकारी अधिकारी चेन श्यांगहोंग यांच्याकडे गावाच्या जीर्णोद्धाराचे काम सोपवले गेले. त्यांनी आधी दोंगझा हाती घेतली. मध्येच उभ्या राहिलेल्या सिमेंटच्या इमारती उतरवल्या, विजेच्या तारा जमिनीखाली नेल्या, घरे दुरुस्त केली आणि रहिवाशांना तिथेच राहू दिले. पर्यटक आले, पण दोन तासांत पाहून निघून जाऊ लागले, आणि पुढच्या खोल्यांत एकाच प्रकारचा माल विकणारी दुकाने थाटली गेली.

शीझामध्ये म्हणून वेगळा मार्ग घेतला गेला, आणि आपल्या शंकेचे मूळ इथे आहे. तिथली घरे एका पर्यटन कंपनीने मोबदला देऊन ताब्यात घेतली आणि जवळपास सर्व रहिवासी बाहेर वसवले गेले. कालव्यांतील गाळ काढला. रस्त्याचे दगड उचलून त्यांच्याखाली सांडपाणी, गॅस, पाणी आणि तारांचे मार्ग घातले आणि वर पुन्हा दगड बसवले. आसपासच्या गावांत पाडल्या जाणाऱ्या घरांचे जुने लाकूड, विटा आणि शिळा आणून वापरल्या. घरांच्या आत स्वच्छतागृहे आणि वातानुकूलन आले. नंतर काही जुन्या रहिवाशांना पुन्हा बोलावून एकेका घराचे यजमानपद दिले गेले. खोलीचे भाडे कंपनीकडे जाते. यजमान पाहुण्यांना जेवू घालतो आणि त्याची कमाई ती. एका यजमानाला दोनच टेबले मांडण्याची परवानगी आहे, म्हणजे घराचे खानावळीत रूपांतर होऊ नये. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो.

आपण अभियंता आहात म्हणून एक गोष्ट मुद्दाम पाहावी. लाकडी खांब दमटपणामुळे तळाशी कुजतो. पूर्ण खांब न बदलता कुजलेला भाग कापून तिथे नवे लाकूड सांध्यात बसवण्याची पद्धत चिनी सुतारकामात जुनी आहे. एखाद्या घरात खांबाच्या पायथ्याशी वाकून पाहिले, की गुडघाभर उंचीवर लाकडाचा रंग आणि रेषा बदललेल्या दिसतात. ती रेष दिसली तर वरचा खांब जुना आणि जागेवरचा आहे असे समजायला हरकत नाही. जिथे खांब वरपासून खालपर्यंत एकाच रंगाचा आणि तेलकट दिसतो, तिथे तो बहुधा नवा असतो. पायऱ्यांच्या कडाही असेच सांगतात. पावलांनी झिजलेली शिळा मधोमध खोलगट होते आणि यंत्राने कापलेली शिळा कितीही काळवंडवली तरी तिची कड सरळ राहते.

माझे मत विचाराल, तर शीझामध्ये बांधकाम वाचले आणि शेजार गेला. दगड, पूल, घरांची ओळ, पाण्याशी असलेले घरांचे नाते हे सारे आज उभे आहे, पण संध्याकाळी दारात बसून शेजारणीशी बोलणारी बाई तिथे राहत नाही. घरे पडू दिली असती तर दोन्ही गेले असते, हे खरे. तरीही माणसांना बाहेर काढल्याशिवाय गटारे घालता आलीच नसती, हे मला पटलेले नाही. चेन यांनीच पुढे बीजिंगजवळ, सिमाताय येथील चीनच्या भिंतीच्या पायथ्याशी, गुबेई हे गाव २०१४ मध्ये खुले केले. तिथे वूझेनची पद्धत वापरली गेली, मात्र गाव बहुतांशी नव्याने बांधले गेले. पद्धत कुठेही नेता येते, जुने गाव नेता येत नाही. आणि म्हणून वूझेनमध्ये जे मूळचे आहे ते ओळखून पाहणे महत्त्वाचे वाटते.

यासाठी माझा आग्रह असा, की रात्र शीझात काढावी आणि दुसरी सकाळ दोंगझाच्या मागच्या गल्ल्यांना आणि नानझाला द्यावी. नानझामध्ये तिकीट नाही आणि झगमगाटही नाही. बांबूच्या काठीवर वाळत घातलेले कपडे, उन्हात टाकलेल्या रजया, दारातच भाजी निवडणाऱ्या आजीबाई असे नेहमीचे जगणे तिथे चालू असते. तिथे कोणाच्या उंबऱ्यातून आत कॅमेरा वळवू नये, एवढे पथ्य पाळावे.

प्रश्न : आम्ही नोकरीनिमित्त शांघायमध्ये राहतो. आई-बाबा दोन महिन्यांसाठी येत आहेत. दोघांनीही सत्तरी ओलांडली आहे आणि आईच्या गुडघ्यांना त्रास आहे. त्यांना वूझेनला मुक्कामाला नेणे योग्य होईल का?
— एक वाचक, शांघाय

उत्तर : जरूर न्यावे, पण खोली निवडताना काळजी घ्यावी. रस्ते सपाट आणि वाहनांपासून मुक्त आहेत, ही मोठी सोय आहे. अडचण दोन ठिकाणी येते. कमानीचे पूल दोन्ही बाजूंनी पायऱ्यांचे असतात आणि काही पुलांना कठडा अगदी बुटका असतो. दुसरे म्हणजे पाण्यावरच्या खोल्या अनेकदा वरच्या मजल्यावर असतात आणि तिथे जाणारा लाकडी जिना उभा व अरुंद असतो. नोंदणी करतानाच तळमजल्यावरची खोली मागून घ्यावी, भले पाण्याचे दर्शन थोडे कमी झाले तरी चालेल. जुन्या घरांत बांधलेल्या लहान खोल्यांना लिफ्ट नसते. आईंना पायऱ्या अजिबात नको असतील तर त्याच आवारातील हॉटेल निवडावे.

शीझाच्या प्रवेशद्वारापाशी मुक्कामाची नोंदणी एकाच ठिकाणी होते आणि तिथून पलीकडे नावेने जाता येते. राहणाऱ्यांसाठी मागच्या रस्त्याने बॅटरीवर चालणाऱ्या गाड्याही आहेत, त्यांची चौकशी नोंदणीच्या वेळीच करावी. एकाच काठाने जाऊन त्याच काठाने परत यायचे ठरवले तर फार थोडे पूल ओलांडावे लागतात, आणि पलीकडचा काठ मागच्या वल्ह्याने चालणाऱ्या छताच्या नावेत बसून पाहता येतो. पावसात दगड निसरडे होतात, तेव्हा आई-बाबांच्या पायांत रबरी तळव्याचे बूट असावेत, चपला नकोत.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत, अंडेही खात नाही. चीनमध्ये, त्यातही लहान गावात, आमचे हाल होतील अशी सर्वांनी भीती घातली आहे.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : उपाशी राहण्याची वेळ येणार नाही, पण सावध राहावे लागेल. या भागात भाज्या भरपूर आणि ताज्या मिळतात. बांबूचे कोंब, पालेभाज्या, वांगी, कमळकंद, शेंगा आणि नाना प्रकारचा टोफू, हे सारे रोजच्या जेवणातले आहे. अडचण तळणीची आणि रश्शाची असते. भाजी दिसायला निव्वळ भाजी असते, पण ती डुकराच्या चरबीत परतलेली किंवा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेली असू शकते. गोड पदार्थांच्या बाबतीत तर हे ध्यानातही येत नाही. वूझेनची प्रसिद्ध नणंद-भावजयीच्या नावाची तिळाची वडी प्रत्येक दुकानात आकर्षक कागदात ठेवलेली दिसते. पारंपरिक कृतीत तिच्यात डुकराची चरबी असते. जवळच्या ज्याशिंग शहराची पानात गुंडाळलेली चिकट भाताची पुरचुंडी बहुधा मांसाची असते आणि लाल चवळीच्या गोड सारणातही अनेकदा चरबी घालतात.

शीझात राहणार असाल तर बाहेर खाण्यापेक्षा यजमानाकडे जेवावे. समोरच्या स्वयंपाकघरात जाऊन कोणत्या तेलात परतायचे ते दाखवता येते. मांस, मासे, अंडी, चरबी आणि मांसाचे पाणी यांपैकी काहीही नको, असे चिनी लिपीत लिहिलेला कागद इथूनच करून न्यावा आणि प्रत्येक वेळी दाखवावा. तोंडी सांगण्यापेक्षा त्याचा उपयोग फार होतो. खोलीत पाणी उकळण्याची किटली असते. त्यामुळे उकळते पाणी घालून होणारे पोहे किंवा उपमा यांची पाकिटे, मेतकूट आणि दशम्या बरोबर असल्या की सकाळची चिंता मिटते. तिथली पांढऱ्या शेवंतीची फुले घातलेली फिकट रंगाच्या चहाची पेली मात्र अवश्य घ्यावी. वूझेन ज्या तोंगश्यांग तालुक्यात येते, तो या शेवंतीच्या लागवडीसाठी साऱ्या चीनमध्ये प्रसिद्ध आहे.

मुक्कामात वेळ असेल तर शीझातील १८५९ पासूनचा सोयाबीनच्या चटणीचा कारखाना पाहावा. मोठ्या अंगणात मातीचे रांजण ओळीने मांडलेले असतात आणि प्रत्येकावर बांबूच्या विणीचे टोकदार झाकण असते. ऊन असेल तेव्हा झाकणे काढतात, ढग आले की घालतात. महिनोन्महिने उन्हात मुरवलेला हा सोया शाकाहारी असतो आणि त्याचा वास त्या अंगणात शिरताच अंगावर येतो.

प्रश्न : व्हिसा, पैसे आणि प्रवास याबद्दल थोडक्यात सांगावे. चीनमध्ये आता व्हिसा लागत नाही असे ऐकले, ते खरे आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : भारतीय पारपत्रावर ते खरे नाही. अनेक देशांच्या नागरिकांना मिळणारी दहा दिवसांची विनाव्हिसा संक्रमण सवलत भारतीयांना लागू नाही. पर्यटन व्हिसा आधी काढावाच लागतो. पैशांसाठी अलीपे किंवा वीचॅट या दोनांपैकी एक अॅप फोनवर लागते आणि आपले आंतरराष्ट्रीय कार्ड त्याला जोडावे लागते; मात्र भारतात २०२० मध्ये या दोन्हींवर बंदी घातली गेली असल्याने ते इथूनच घेता येईल असे गृहीत धरू नये. थोडे रोख युआन जवळ असावेत, परंतु व्यवहार मुख्यतः फोनवर होतो. शांघायच्या होंगच्याओ स्थानकातून तोंगश्यांगपर्यंत वेगवान रेल्वेला एक तासही लागत नाही, आणि तिथून गावापर्यंत बसने साधारण तासभर लागतो. रेल्वेचे तिकीट पारपत्रावर निघते, तेव्हा मूळ पारपत्र जवळ ठेवावे. मुक्कामाच्या ठिकाणीही त्याची नोंद होते.

प्रश्न : कोणत्या महिन्यात जावे?
— एक वाचक, पणजी

उत्तर : मार्चअखेर ते मेच्या पूर्वार्धापर्यंत, किंवा ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. जून-जुलैमध्ये सलग झिमझिम पावसाचा आणि त्यानंतर दमट उकाड्याचा काळ असतो, आणि पाण्याकाठी डास असतातच. हिवाळ्यात गोवेकरांना थंडी बोचेल, मात्र गर्दी नसते. १ ते ७ ऑक्टोबर, मेच्या सुरुवातीची सुट्टी आणि चिनी नववर्ष हे तिन्ही काळ पूर्णपणे टाळावेत. वूझेनचा नाट्यमहोत्सव २०१३ पासून बहुधा शरदात भरतो. नाटकांची आवड असेल तर तो काळ साधावा, पण खोली कित्येक महिने आधी घ्यावी लागेल.

प्रश्न : आमच्या घरात तीन पिढ्या पैठणी विणली जाते. आजोबा चिनी रेशमाबद्दल सांगत असत. वूझेनच्या मुक्कामात रेशीम आणि कापड यांसंबंधी पाहण्यासारखे काही आहे का?
— एक वाचक, येवला

उत्तर : आपल्या आजोबांचे बोलणे निराधार नव्हते. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरात उतरणारे चिनी कच्चे रेशीम पुणे आणि येवला येथील विणकरांपर्यंत पोचत असे. ते ज्या प्रदेशातून मोठ्या प्रमाणावर बाहेर पडे, त्याच प्रदेशात आपण जाणार आहात.

त्यासाठी वूझेनच्या जोडीला नानशुन पाहावे. तेही याच पट्ट्यातील गाव असून वूझेनपासून गाडीने फार दूर नाही. त्याच्या शेजारच्या जिली या खेड्यातील रेशीम तलम, पांढरे आणि मजबूत म्हणून नावाजलेले होते. शांघाय बंदर १८४३ मध्ये परदेशी व्यापाराला खुले झाल्यावर नानशुनचे रेशीम व्यापारी अमाप श्रीमंत झाले. लोक त्यांच्या घराण्यांची संपत्ती प्राण्यांच्या आकाराने मोजत, घराणे जितके श्रीमंत तितका प्राणी मोठा : चार हत्ती, आठ बैल आणि बहात्तर कुत्रे. या व्यापाऱ्यांच्या वाड्यांत पुढचा चौक चिनी कोरीव लाकडाचा आणि मागच्या बाजूला रंगीत काचांचे, युरोपीय धाटणीचे दिवाणखाने, असा संयोग आहे. त्या श्रीमंतीची दुसरी बाजूही विसरू नये. माओ दून यांनी १९३० च्या दशकात याच भागातील शेतकऱ्यांवर कथा लिहिल्या. रेशीमकिड्यांचे पीक उत्तम आले तरी कोषांचे भाव कोसळल्याने घरे कर्जात बुडाली, हा त्यांचा विषय. भाव आणि सावकार यांच्या कचाट्यातला विणकर ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना तो परका वाटणार नाही.

वूझेनमध्ये मात्र मुख्य आकर्षण रेशमाचे नसून निळ्या छपाईच्या सुती कापडाचे आहे. रंगशाळेच्या अंगणात उंच बांबूंच्या सांगाड्यावरून निळ्या-पांढऱ्या कापडाचे पट्टे जमिनीपर्यंत सोडलेले दिसतात, आणि बहुतेक पाहुणे त्यांच्यामध्ये उभे राहून छायाचित्र काढून निघून जातात. आपण आत जाऊन छपाई पाहावी. तेल पाजलेल्या जाड कागदावर नक्षी कोरून तिचा साचा करतात. सोयाबीनचे पीठ आणि चुना यांची खळ साच्यावरून कापडावर ओढतात. खळ सुकली की कापड निळीच्या हौदात बुडवतात. हौदातून वर काढताना ते हिरवट दिसते आणि हवा लागली की पाहता पाहता निळे होत जाते. हवा तेवढी खोल छटा येईपर्यंत बुडवणे आणि हवेवर धरणे चालू राहते. शेवटी वाळलेली खळ सुरीने खरवडून काढली, की तिच्याखालची नक्षी पांढरी उरते. आपल्याकडे निळ वेगळ्या झुडपापासून मिळते आणि खळीची कृती वेगळी आहे, तरी हौदावर उभ्या असलेल्या माणसाचे हात कसे चालतात ते आपण लगेच ओळखाल.

विकत घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. कागदी साचा तुटू नये म्हणून त्यात लांब सलग रेषा कोरता येत नाहीत, त्यामुळे हाताच्या छपाईतील फुले-पाने ठिपक्यांची आणि लहान तुकड्यांची बनलेली असतात. अखंड बारीक रेषांची नक्षी दिसली तर ती यंत्राची समजावी. दुसरे, कापड उलटून पाहावे. खळ एकाच बाजूने लावलेली असल्यास मागच्या बाजूला नक्षी अंधूक आणि निळसर असते. असे कापड घरी आणल्यावर पहिल्या काही धुलाया गार पाण्यात आणि बाकीच्या कपड्यांपासून वेगळ्या कराव्यात, कारण जादा निळ सुरुवातीला सुटतेच.